सोमवारपासून खुर्च्या बदलणार आहेत

मोजपट्टी | मंगळवार, रात्री ९.४०

धागा लांबणार आहे, आधीच सांगते.

आमच्या ऑफिसात येत्या सोमवारपासून ठरलेल्या जागा बंद. ज्याला जी रिकामी दिसेल ती खुर्ची त्याची, दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. यामुळे एकमेकांशी ओळखी वाढतील, असं मेलमध्ये लिहिलंय. बाकीचे दोन मिनिटं कुरकुरले आणि कामाला लागले. मी त्या दिवशी काहीही काम केलं नाही. घरी आले आणि बाथरूममध्ये दिवा न लावता बसून राहिले.

मी ४१ वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी ऑटिझमचं निदान झालं, रीतसर, चार भेटी आणि ढीगभर प्रश्नावल्या भरून. नोकरीला १६ वर्षं झाली. बाहेरून सगळं आलबेल दिसतं, आणि गोची तिथेच आहे.

आत्ताच्या जागेवर माझ्या पाठीला भिंत आहे, त्यामुळे मागून अचानक कुणी येत नाही. डोक्यावरची ट्यूब मी तीन वर्षांपूर्वी मागे लागून बदलून घेतली. उजवीकडच्या गृहस्थांचा खोकला मला पाठ आहे: आधी एक छोटा, मग दोन मोठे. पाठ झालेला आवाज त्रास देत नाही, नवा देतो. दुपारी साडेतीनला ऊन टेबलाच्या कुठल्या कडेला येतं तेही ठाऊक आहे. हे सगळं बसवायला सहा वर्षं गेली. इतरांना तिथे एक खुर्ची दिसते.

साहेबांना मेल लिहायचाय. अकरा मसुदे झाले. पहिला दीड पानी होता, त्यात मेंदूबद्दलच दोन परिच्छेद. अकराव्यात एकच ओळ: 'मला माझी जागा हवी आहे.' पहिला वाचून वाटतं बाई आजारी आहे, अकरावा वाचून वाटतं बाई भांडायला आली आहे.

तर विचारायचं असं, की निदानाचं सांगावं का? मेलमध्ये नेमकं काय लिहावं? आणि तुमच्यापैकी जे प्रौढ वयात यातून जाताहेत ते रोजचं कसं निभावतात? सहानुभूती मिळाली तर फेकून देणार नाही, पण युक्त्या मिळाल्या तर जास्त बरं.

रातकिडा | मंगळवार, रात्री ९.५२

लवकर जाऊन जागा धरा. सोपं आहे.

मोजपट्टी | मंगळवार, रात्री १०.०५

धरेन हो. पण रोज धरायची म्हणजे ती रोज हुकूही शकते. मग रात्री अंथरुणात तोच हिशेब: उद्या कोण आधी येईल, आला तर मी दुसरी कुठली घ्यायची, तिसरी कुठली. मला खुर्चीपेक्षा तो हिशेब दमवतो.

तिरपा_चष्मा | मंगळवार, रात्री १०.३०

राग मानू नका, पण असं थोडंथोडं सगळ्यांनाच होतं. मलाही गोंगाट आवडत नाही, मलाही माझीच खुर्ची लागते. हल्ली प्रत्येक स्वभावाला वैद्यकीय नाव द्यायची पद्धत पडली आहे. आमच्या वेळी 'जरा विक्षिप्त आहे' म्हणायचे आणि सोडून द्यायचे.

अर्धविराम | मंगळवार, रात्री ११.१०

तिरपा_चष्मा, जिना चढताना धाप सगळ्यांनाच लागते. पहिल्याच पायरीला लागली तर माणूस डॉक्टरकडे जातो. फरक प्रमाणाचा आहे, आणि त्यामुळे किती कामं अडतात याचा.

आणि 'सोडून द्यायचे' म्हणता, ते बघणाऱ्यांनी सोडून दिलं. विक्षिप्त माणसाला कुठे सोडता आलं? मला ३३ व्या वर्षापर्यंत नैराश्याची औषधं चालू होती. अधूनमधून चिंतेची. एका डॉक्टरांनी एकाग्रतेची तक्रार ऐकून एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) म्हटलं, तेही खरं निघालं. पण २०१३ पर्यंत अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत ऑटिझम असेल तर एडीएचडीचं निदान सोबत करायची परवानगीच नव्हती. त्या पुस्तिकेची पाचवी आवृत्ती, डीएसएम-५, आली तेव्हा ती अट गेली. माझ्या पिढीतले कितीतरी जण अर्धंच निदान घेऊन फिरले ते असे.

त्याच पुस्तिकेत आणखी एक वाक्य आहे, ते मी लोकांना दाखवतो. लक्षणं लहानपणापासून असावी लागतात, पण बाहेरच्या मागण्या माणसाच्या आवाक्याबाहेर जाईपर्यंत ती पूर्ण दिसतीलच असं नाही, किंवा शिकून घेतलेल्या युक्त्यांखाली झाकलेली असू शकतात. चाळिशीत निदान कसं होतं, याचं उत्तर त्यात आहे. शाळेत वेळापत्रक होतं, घरात आई होती. मग एक दिवस स्वतःचं घर, स्वतःची बिलं आणि सतत वाजणारा फोन आला.

मोजपट्टी | मंगळवार, रात्री ११.२६

फोन! त्यावर वेगळा धागा निघेल. वाजला की मी तो थांबेपर्यंत त्याच्याकडे बघत बसते. मग मेसेज करते: 'आत्ता पाहिला कॉल, काय काम होतं?' आत्ता पाहिला म्हणजे पूर्णवेळ पाहत होते.

सावकाश | बुधवार, सकाळी ७.१५

निदानाचं सांगावं का यावर माझा अनुभव. मी सांगितलं. मागच्या नोकरीत, स्वतःहून, अगदी विश्वासाने. दुसऱ्या दिवसापासून दोन सहकारी माझ्याशी अक्षरं सुटी करून बोलायला लागले. 'हे... पत्र... वाचलंस... का?' मी त्या विभागातला सगळ्यात वेगाने वाचणारा माणूस. बाकी लोक चांगले वागले, पण मोठ्या कामाची विभागणी व्हायची तेव्हा माझं नाव हळूच गळायला लागलं. विचारलं तर 'तुला ताण नको म्हणून'. ताण कामाचा नव्हताच, तो जेवणाच्या सुट्टीचा होता.

आता जिथे आहे तिथे फक्त वरिष्ठांना माहीत आहे. तेही निदान नाही, काय लागतं ते.

पाऊलखुणा | बुधवार, सकाळी ९.०२

मी मनुष्यबळ विभागात काम करते, म्हणजे असे मेल माझ्याकडे येतात. मोजपट्टी, तुमचे दोन्ही मसुदे वाचणाऱ्याला कामाला लावतात. दीड पानात त्याला मागणी शोधावी लागते, एका ओळीत कारण शोधावं लागतं. आणि दीड पान वाचलं की माणूस आधी घाबरतो, मग तो मेल चार जणांना पुढे पाठवतो. तुम्हाला ते नको आहे.

काय हवंय, ते मिळालं की काम कसं सुधारतं, कधीपर्यंत कळवा. संपलं. निदान लिहायचं की नाही हे तुमच्या साहेबांवर आणि तुमच्याकडच्या नियमांवर आहे. काही ठिकाणी अशी सोय मागताना कागद लागतात. पण पहिल्या मेलमध्ये ते घालायची घाई नको. दिलेली माहिती परत घेता येत नाही.

माफी मागू नका. 'त्रासाबद्दल क्षमस्व' हे शब्द दिसले की वाचणारा त्रास शोधायला लागतो.

रातकिडा | बुधवार, सकाळी ९.२०

सहमत. कालचा प्रतिसाद जरा उडवाउडवीचा झाला, मोजपट्टी. माझी स्वतःची एक युक्ती देतो: आवाज बंद करणारे हेडफोन. पंखा, एसी, इंजिन असा सलग घुमणारा आवाज ते छान खातात. माणसांचं बोलणं आणि अचानक वाजणारं काहीही मात्र आत येतंच. म्हणून मी खाली कानात मऊ बोळे घालतो आणि वरून हेडफोन. दिसतो वैमानिकासारखा.

खिडकीजवळ | बुधवार, सकाळी ११.४८

मी ऑटिस्टिक नाही, माझा नवरा आहे. ५८ व्या वर्षी कळलं, तेही पुतण्याचं निदान झालं तेव्हा त्याच्या आईवडिलांना दिलेला फॉर्म माझ्या नवऱ्याने गंमत म्हणून वाचला आणि मग गंमत राहिली नाही.

बावीस वर्षं मी समजत होते की हा अबोला धरतो. भांडण झालं की गप्प. पाहुणे येऊन गेले की गप्प. विचारलं तर नुसतं बघायचा. मी म्हणायचे, 'एवढा कसला राग?' आणि मग मीही अबोला धरायचे, खराखुरा. दोन माणसं एका घरात, एक रुसलेलं आणि एकाला शब्दच सापडत नसलेले. त्याला शटडाउन म्हणतात हे मला साठीच्या उंबरठ्यावर कळलं. त्याच्या मते आत वाक्य तयार असतं, पण तोंडापर्यंतचा रस्ता बंद झालेला असतो.

आता तो शेजारच्या खोलीतून टाइप करून पाठवतो. 'रागावलेलो नाही. अर्धा तास.' एवढंच. मी अर्धा तास माझं काहीतरी करते. हा मेसेज वीस वर्षांपूर्वी आला असता तर काय काय वाचलं असतं, तो हिशेब मी करत नाही.

दुसरं, मी 'जरा बघ ना' म्हणायचं सोडलं. मशीनकडे जरा बघ म्हटलं की तो खरंच बघत उभा राहायचा. आता म्हणते, 'थांबलं की कपडे काढ.' सुरुवातीला मला हुकूम सोडल्यासारखं वाटायचं. तो म्हणाला, अगं हेच तर हवं होतं.

अर्धविराम | बुधवार, दुपारी १२.०५

'बघू', 'बघतो', 'बघ जरा', 'बघ बाबा', 'बघायला हवं'. ही पाच वेगवेगळी क्रियापदं आहेत आणि कुठल्याही शब्दकोशात हे लिहिलेलं नाही. 'बघू' म्हणजे नाही, हे मला नोकरीच्या चौथ्या वर्षी समजलं. त्याआधी मी दर सोमवारी जाऊन विचारायचो, 'बघितलंत का?'

मोजपट्टी | बुधवार, दुपारी १२.३१

'जमलं तर ये'! यायचं की नाही? जमतंय, पण यावं असं त्यांना वाटतंय का?

आणि तू-तुम्ही. नव्या माणसाला तुम्ही म्हटलं की 'अगं, अहोजाहो काय करतेस' म्हणतात, तू म्हटलं की चेहरा बदलतो. मी वाक्यं अशी रचते की सर्वनामच येऊ नये. 'जेवण झालं का?' 'कागद मिळाले का?' सोळा वर्षांत काही सहकाऱ्यांना मी एकदाही तू किंवा तुम्ही म्हटलेलं नाही. त्यांना कळलंसुद्धा नसेल.

तिरपा_चष्मा | बुधवार, दुपारी १.४४

हे तू-तुम्हीचं वाचून हसलो, मग जरा थबकलो. मीही हेच करतो.

एक शंका. 'स्वमग्न' असा छान मराठी शब्द असताना सगळे ऑटिस्टिक, ऑटिस्टिक का लिहिताहेत?

अर्धविराम | बुधवार, दुपारी २.२०

शब्द छान आहे, पण अर्थ चुकतो. ऑटिझम हा शब्द ब्लॉयलर या स्विस मानसोपचारतज्ज्ञाने १९१० च्या सुमारास घडवला, ग्रीक 'ऑटोस' म्हणजे 'स्व' यावरून. तो स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांबद्दल लिहीत होता, जगापासून तुटून स्वतःत शिरलेल्या. पुढे १९४३ मध्ये लिओ कॅनर या बालमानसोपचारतज्ज्ञाने ११ मुलांचं वर्णन करताना तोच शब्द घेतला आणि तो चिकटला. मराठीत आपण त्याचं इमानेइतबारे भाषांतर केलं, म्हणजे मूळची चूकही घरात घेतली.

मी स्वतःत मग्न नसतो हो. असतो तर बरं झालं असतं. मी समोरच्याच्या भुवईत, पंख्याच्या खरखरीत, शर्टाच्या मानेला टोचणाऱ्या लेबलात, शेजारच्या टेबलावरच्या संभाषणात मग्न असतो, सगळ्यात एकदम. स्वतःचाच पत्ता नसतो. दुपारी चारला हात थरथरायला लागतात तेव्हा लक्षात येतं की सकाळपासून खाल्लेलं नाही.

ज्यांना स्वमग्न म्हणवून घ्यायला आवडतं त्यांनी जरूर म्हणावं. माझ्यापुरतं सांगितलं.

मोजपट्टी | बुधवार, रात्री ८.५०

भुकेचं अगदी तसंच. भूक, तहान, लघवी, थंडी, सगळं शेवटच्या क्षणी मोठ्याने ओरडतं, आधी कुजबुजत नाही. मी मोबाइलवर गजर लावलेत. अकराचा गजर 'पाणी', एकचा 'जेव', पाचचा 'खांदे खाली'. हा शेवटचा लोकांना विनोद वाटतो.

भावनांचंही हेच. 'काय वाटतंय तुला?' या प्रश्नाला माझं प्रामाणिक उत्तर 'छातीत काहीतरी आहे' इतपतच असतं. ते दुःख आहे, राग आहे की अॅसिडिटी, हे दुसऱ्या दिवशी कळतं. याला अॅलेक्सिथायमिया म्हणतात आणि साधारण निम्म्या ऑटिस्टिक लोकांमध्ये तो आढळतो, असं मला निदानाच्या वेळी सांगितलं. तोवर मला वाटायचं मी कोरडी आहे. वडील गेले तेव्हा मी रडले नाही, कपाटं आवरली. रडू सात आठवड्यांनी आलं, एका दुकानाच्या रांगेत, पुढच्या माणसाने वडिलांसारखा घसा खाकरला तेव्हा.

दोन_पावलं | बुधवार, रात्री १०.१७

लिहू की नको असं दोन दिवस चाललंय. माझा मुलगा २४ वर्षांचा आहे. ऑटिस्टिक. तो बोलत नाही. एकटा बाहेर जाऊ शकत नाही. अंघोळीला मदत लागते.

खरं सांगायचं तर धागा वाचून आधी संताप आला. खुर्ची? माझ्या घरात रात्री तीनला कुणी झोपलेलं नसतं आणि इथे खुर्चीवरून चर्चा. तुम्ही आणि माझा मुलगा एकाच शब्दात कसे बसता हे मला कळत नाही. तुमच्यासारखे लिहिणारे-बोलणारे पुढे आले की लोकांना वाटतं ऑटिझम म्हणजे एवढंच, आणि माझ्या मुलासाठी काही मागायला गेलं की 'अहो, ते तर नोकऱ्या करतात' असं ऐकावं लागतं.

मोजपट्टी | बुधवार, रात्री ११.०३

तुमचा राग रास्त आहे. माझं आणि तुमच्या मुलाचं आयुष्य सारखं आहे असं मी म्हणणार नाही. मला जे लागतं ते मी मेल लिहून मागू शकते, हा फार मोठा फरक आहे.

एकाच शब्दात कसे, याचा थोडा इतिहास मला माहीत आहे. १९८० मध्ये त्या निदानपुस्तिकेत नाव आलं ते 'इन्फन्टाइल ऑटिझम', म्हणजे फक्त लहान मुलांचं. लोर्ना विंग या ब्रिटिश डॉक्टरांनी, ज्या स्वतः एका ऑटिस्टिक मुलीच्या आई होत्या, ही एक सलग पट्टी आहे असं मांडलं. त्याआधी माझ्यासारखे लोक शब्दाच्या बाहेर होते. आत आले ते बरं झालं की तुमच्या मुलाची जागा अडली, यावर शहाणी माणसंही भांडतात. मला उत्तर माहीत नाही.

दोन_पावलं | गुरुवार, पहाटे ३.२५

जागीच आहे.

तुमचं ट्यूबचं वाक्य पुन्हा वाचलं. 'मागे लागून बदलून घेतली.' का बदललीत?

मोजपट्टी | गुरुवार, सकाळी ६.४०

ती लुकलुकायची. जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला १०० किंवा १२० वेळा उजळते-मंदावते, विजेच्या वारंवारतेच्या दुप्पट. बहुतेकांना ते जाणवत नाही. मला जाणवतं, आणि चोक गुणगुणतो तेही ऐकू येतं. दुपारपर्यंत डोळ्यांच्या मागे कुणीतरी नखाने खरवडल्यासारखं व्हायचं. एलईडीतही हलक्या प्रतीचे लुकलुकतात. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून दिव्याकडे बघा, पडद्यावर सरकते पट्टे दिसले तर तो लुकलुकतोय.

दोन_पावलं | गुरुवार, सकाळी ११.३०

आमच्या स्वयंपाकघरात जुनी ट्यूब आहे. तो संध्याकाळी आत आला की आधी बटण बंद करतो. मी लावते, तो बंद करतो, मी लावते, मग डोकं आपटणं. अकरा वर्षं मी त्याला हट्ट म्हणत आले. डॉक्टरांना सांगतानाही 'हट्ट' हाच शब्द वापरला.

आत्ता इलेक्ट्रिशियनला बोलावलंय.

खिडकीजवळ | गुरुवार, सकाळी ११.४१

दोन_पावलं, मी काही म्हणत नाही, नुसती इथे आहे.

रातकिडा | गुरुवार, दुपारी १.१०

कॅनरच्या त्या ११ मुलांतला पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिप्लेट. १९३३ चा जन्म, २०२३ मध्ये ८९ व्या वर्षी गेला. बँकेत नोकरी केली, गाडी चालवायचा, रोज गोल्फ खेळायचा, एकटा देशोदेशी फिरायचा. गावाला तो तसाच माहीत होता आणि गावाने त्याला तसाच राहू दिलं. घर श्रीमंत होतं, हेही सांगायला हवं. नाहीतर अशी गोष्ट ऐकून लोक दुसऱ्याच्या मुलाकडे बघून 'बघा, जमतं' म्हणतात.

तिरपा_चष्मा | गुरुवार, दुपारी २.३६

मला एक प्रामाणिकपणे विचारायचंय. ऑटिस्टिक लोकांना दुसऱ्याच्या भावना कळत नाहीत असं वाचलं होतं. इथे तर उलट दिसतंय.

अर्धविराम | गुरुवार, दुपारी ३.१५

२०१२ मध्ये डेमियन मिल्टन या समाजशास्त्रज्ञाने, तो स्वतः ऑटिस्टिक आहे, 'दुहेरी सहवेदनेचा प्रश्न' मांडला. मला तुम्ही कळत नाही तसा तुम्हालाही मी कळत नाही. फरक एवढाच की संख्येने तुम्ही जास्त, म्हणून आजार माझ्या नावावर. २०२० मध्ये यावर एक प्रयोग झाला, कानगोष्टीच्या खेळासारखा: आठ जणांची साखळी, पहिल्याला गोष्ट सांगायची, शेवटच्यापर्यंत किती पोचते ते मोजायचं. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत ती तितकीच टिकली जितकी सगळे नसलेल्या साखळीत. मिश्र साखळीत जास्त गळाली.

रातकिडा | गुरुवार, दुपारी ३.४०

तिथेच थांबू नका. त्याच संशोधकांनी नंतर जास्त माणसं घेऊन प्रयोग पुन्हा केला, तेव्हा मिश्र साखळीतही तेवढीच पोचली. मिल्टनचं म्हणणं मला पटतं, पण त्या एका प्रयोगावर इमारत बांधू नये.

अर्धविराम | गुरुवार, दुपारी ३.४४

मान्य. हे वाचलं नव्हतं. आभार.

(बघा, दोन ऑटिस्टिक माणसांचं भांडण किती लवकर मिटतं.)

सावकाश | गुरुवार, रात्री ८.२०

मुखवट्याबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. मास्किंग. मी बोलताना समोरच्याच्या दोन भुवयांच्या मधे बघतो, तीन आकडे मोजेपर्यंत, मग दोन आकडे बाजूला. हसायच्या जागा आधी शोधून ठेवतो. हात खिशात, कारण बाहेर असले की बोटं नाचतात. हे सगळं करत असताना बोलणं ऐकायचं असतं, ते ऐकू येतंच असं नाही. संध्याकाळी लोक म्हणतात, छान बोलतोस की तू.

आठ वर्षं असं केलं आणि मग एक दिवस चहूबाजूंनी बंद पडलो. दमल्यासारखं नव्हतं. दमलो की झोपून उठल्यावर बरं वाटतं. यात येत असलेल्या गोष्टी येईनाशा झाल्या. दात घासायचे तर ब्रश, पेस्ट, झाकण, पाणी, यांतलं आधी काय तेच सुचेना. चार महिने. निदान होईपर्यंत त्याला सगळे आळस म्हणत होते, मीही. आता ऑटिस्टिक बर्नआउट असा शब्द आहे आणि त्यावर संशोधनही होतंय: दीर्घ थकवा, कौशल्यं जाणं, आवाज-उजेड आणखी असह्य होणं.

मोजपट्टी, म्हणून म्हणतो, खुर्ची मागा. तुम्ही आज बाथरूममध्ये अंधारात बसता. मीही तिथूनच सुरुवात केली होती.

मोजपट्टी | गुरुवार, रात्री ९.३०

हे वाचून थोडा वेळ खोलीत चकरा मारल्या. (हे माझं स्टिमिंग, म्हणजे स्वतःला सावरायला तीच हालचाल पुन्हापुन्हा करणं. त्याने डोकं चालतं. ऑफिसात जिन्यावर जाऊन करते, लोकांना वाटतं व्यायाम.)

बारावा मसुदा:

'नमस्कार. सोमवारपासूनच्या बैठकव्यवस्थेबद्दल एक विनंती आहे. ठरलेल्या, शांत जागी बसले की माझं काम नीट आणि वेळेत होतं. रोज जागा बदलली तर लक्ष लागायला बराच वेळ जातो. एक जागा, शक्यतो पाठीला भिंत असलेली आणि ये-जा कमी असलेली, माझ्यासाठी कायम ठेवता येईल का? शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कळवावे.'

पाऊलखुणा | गुरुवार, रात्री ९.४१

'कळवावे' काढा, 'कळवलंत तर बरं होईल' घाला. बाकी एक अक्षर बदलू नका. पाठवा.

मोजपट्टी | गुरुवार, रात्री ९.४४

आत्ता पाठवू की सकाळी? रात्री पाठवलं तर घाईचं वाटेल, सकाळी पाठवलं तर

खिडकीजवळ | गुरुवार, रात्री ९.४५

आत्ता.

मोजपट्टी | गुरुवार, रात्री ९.५८

गेला. हात गार पडलेत.

दोन_पावलं | शुक्रवार, सकाळी ८.१०

ट्यूब काल बदलली. संध्याकाळी तो आत आला, बटणाकडे गेला, बोट ठेवलं, वर बघितलं. बंद नाही केलं. मग नेहमीसारखा ओट्याला टेकून उभा राहिला. रात्री तीनला उठलाच, तो वेगळा प्रश्न आहे.

तिरपा_चष्मा | शुक्रवार, दुपारी १२.५०

ती प्रश्नावली कुठे भरतात, कुणी मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करेल का? गंमत म्हणून.

अर्धविराम | शुक्रवार, दुपारी १२.५३

खिडकीजवळ यांचा प्रतिसाद पुन्हा वाचा. गंमत म्हणून भरायला घेतलेल्यांचं काय होतं ते लिहिलंय. :) व्यनि केला आहे. त्याने निदान होत नाही, कुणाकडे जावं की नाही एवढंच कळतं.

मोजपट्टी | शुक्रवार, दुपारी ४.२२

उत्तर आलं. पूर्ण मेल असा:

'जिन्याजवळच्या खोलीशेजारची कोपऱ्यातली जागा ठेवतो. चालेल.'

शेवटी प्रश्नचिन्ह नाही. मला विचारलंय की त्यांनी ठरवून टाकलंय? ठरवलं असेल आणि मी 'चालेल' लिहिलं तर आगाऊपणा होईल. विचारलं असेल आणि मी काहीच लिहिलं नाही तर? वीस मिनिटं झाली.

पाऊलखुणा | शुक्रवार, दुपारी ४.२४

प्रश्नचिन्ह टाकायचा कंटाळा आहे त्यांना. दोन्ही बाजूंनी चालणारं उत्तर द्या: 'चालेल, आभारी आहे.'

अर्धविराम | शुक्रवार, दुपारी ४.२५

त्या जागेवर ट्यूब कुठली आहे ते आजच बघून या.

मोजपट्टी | शुक्रवार, दुपारी ४.४०

पाठवलं. ट्यूब जुनी आहे, गुणगुणतेय. तेरावा मसुदा सोमवारी.